कायदा वॉशिंग्टनचा, प्लॅन राज्याचा: अमेरिकेतले विमा आयुक्त नेमकं काय करतात?

रेवा (न्यू जर्सी)
६ जानेवारी, सकाळी ७:४०

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे: सासऱ्यांचा हेल्थ इन्शुरन्स. ते आणि सासूबाई ग्रीन कार्डावर इथे आले त्याला तीन वर्षं झाली. वयं ७१ आणि ६७. मेडिकेअरसाठी (६५ च्या पुढच्यांचा सरकारी विमा) ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षं व्हावी लागतात, म्हणून तोवर राज्याच्या मार्केटप्लेसवरून, म्हणजे विमा घ्यायच्या सरकारी वेबसाइटवरून, प्लॅन घेतो. सप्टेंबरात कंपनीच्या डिरेक्टरीत नाव बघून एका हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो, इको झाला आणि दीड महिन्याने बिल हातात पडलं. डॉक्टर म्हणे नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांत, नाहीतच. कंपनीला चार फोन केले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा. शेवटी ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली, "राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार टाक की."

१९ वर्षं या देशात राहतेय, पण असं खातं आहे आणि ते माझ्यासारखीचं ऐकून घेतं, हे मला ठाऊक नव्हतं. तक्रार टाकली. उत्तर यायचंय. दरम्यान रोज रात्री थोडं थोडं वाचत गेले आणि जे सापडलं ते आपल्या माणसांना सांगावंसं वाटलं.

ओबामाकेअर, म्हणजे जास्तीत जास्त लोकांना आरोग्य विमा मिळावा म्हणून ओबामांच्या काळात झालेला कायदा, म्हटलं की आपल्याला आठवतात ते ओबामा, ट्रम्प, सुप्रीम कोर्ट आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये पहिल्याच दिवशी आडवी झालेली ती वेबसाइट. पण २३ मार्च २०१० ला सही झालेला हा कायदा प्रत्यक्षात उतरवायचं काम फार मोठ्या प्रमाणात राज्यांच्या विमा आयुक्तांच्या टेबलावर येऊन पडलं. कंपनीने मागितलेली दरवाढ योग्य आहे का? नेटवर्कमध्ये पुरेसे डॉक्टर आहेत का? कायद्यातल्या १० अत्यावश्यक सेवांमध्ये या राज्यात नेमकं काय काय धरायचं? ही सगळी कामं त्यांची. यातले बहुतेक लोक टीव्हीवर कधी दिसत नाहीत.

मला सगळ्यात भावली ती ओरेगनची गोष्ट. मे २०१३. मार्केटप्लेस उघडायला पाच महिने बाकी. कंपन्यांनी पुढच्या वर्षीचे दर मंजुरीसाठी पाठवले होते. ओरेगनच्या विमा विभागाने केलं काय, तर सगळ्यांचे प्रस्तावित दर शेजारी शेजारी मांडून वेबसाइटवर टाकले. त्याच वयाच्या माणसाला, तशाच प्लॅनला, एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या दुपटीच्या आसपास! लगेच दोन कंपन्यांनी विभागाला कळवलं, आमचे दर कमी करायचे आहेत, पुन्हा पाठवू द्या. कुणाला दंड नाही, कोर्टकचेरी नाही. दर उघड्यावर मांडले, एवढंच.

आणि याच ओरेगनमध्ये त्याच वर्षी 'कव्हर ओरेगन' नावाची मार्केटप्लेसची वेबसाइट सपशेल फसली. केंद्राकडून ३० कोटी डॉलरच्या वर अनुदान मिळालेलं, तरी एकाही माणसाला घरी बसून ऑनलाइन, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नाव नोंदवता आलं नाही. माणसं लावून कागदी फॉर्म भरावे लागले आणि एप्रिल २०१४ मध्ये मंडळाने केंद्राच्या वेबसाइटवर जायचं ठरवलं. बातम्या झाल्या त्या वेबसाइटच्या. दर उघडे करणाऱ्या त्या विभागाचं नाव किती जणांना माहीत असेल? मला याचं मनापासून वाईट वाटतं.

कॅन्सस आणि मिसिसिपीचं वाचून तर मी थांबलेच. दोन्हीकडे तेव्हा विमा आयुक्त रिपब्लिकन, लोकांनी निवडून दिलेले. कॅन्ससच्या सँडी प्रेगर आणि मिसिसिपीचे माइक चेनी. दोघांचंही म्हणणं साधारण एकच होतं: कायदा आवडो न आवडो, तो आलाय, तर मार्केटप्लेस आपल्या राज्याच्या हातात असलेला बरा. कॅन्ससमध्ये गव्हर्नर ब्राउनबॅक यांनी ऑगस्ट २०११ मध्ये त्यासाठी मिळालेलं ३ कोटी १५ लाख डॉलरचं अनुदान केंद्राला परत केलं. मिसिसिपीत चेनींनी पुष्कळ तयारी केली होती, पण गव्हर्नर ब्रायंट विरोधात उभे राहिले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्रानेच नकार कळवला, कारण गव्हर्नरच्या साथीशिवाय मेडिकेडशी (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी विमा) सांधा जुळणार कसा? स्वतःच्या पक्षाशी भांडून लोकांची सोय बघणारी ही माणसं.

इथे वेगवेगळ्या राज्यांतले मायबाप सदस्य आहेत. तुमच्याकडे काय झालं, काय होतंय, जरूर लिहा.


सोनचाफा (पुणे)
६ जानेवारी, रात्री ९:१५

रेवाताई, छान लिहिलंत. माझी लेक मिनेसोटात असते, त्यामुळे जिव्हाळ्याचा विषय आहे. एक शंका. कायदा संसदेने केला, पैसा केंद्राचा, मग मध्ये राज्यं आली कुठून? आपल्याकडे हैदराबादला इर्डा हा एकच विमा नियामक आहे, मुंबईची पॉलिसी काय आणि मडगावची काय, नियम एकच.


त्रैराशिक (कनेक्टिकट)
७ जानेवारी, पहाटे ५:५५

सोनचाफा, मी ॲक्चुअरी आहे, म्हणजे विम्याच्या हप्त्यांचं आणि जोखमीचं गणित मांडणारा. २२ वर्षं याच धंद्यात, त्यातली बरीचशी आरोग्य विम्यात. थोडं सविस्तर लिहितो.

इथे विमा हा पहिल्यापासून राज्यांचा विषय. राज्यांच्या आयुक्तांची संघटना १८७१ पासून आहे. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने काँग्रेसनेच (इथल्या संसदेने) सांगून टाकलं की विम्याचं नियमन राज्यांनीच करायचं. ११ राज्यांत आयुक्त थेट निवडून येतो, बाकी ठिकाणी बहुतेक करून गव्हर्नर नेमतो. त्यामुळे २०१० साली नवा कायदा आला तेव्हा केंद्राकडे दरांचे कागद तपासणारी, कंपनीची तिजोरी मोजणारी यंत्रणाच नव्हती. ती होती राज्यांकडे. म्हणून कायद्याने किमान नियम ठरवले आणि अंमलबजावणी पहिल्यांदा राज्यांना देऊ केली. राज्याने नाही म्हटलं तर केंद्र.

नियमांचा सांगाडा असा. आजारी माणसाला नाकारायचं नाही, जास्त हप्ता लावायचा नाही. म्हाताऱ्याचा हप्ता तरुणाच्या तिपटीपर्यंत, तंबाखू ओढणाऱ्याला दीडपट. पण ही झाली वरची मर्यादा, राज्याला ती आणखी आवळता येते. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये वयाप्रमाणे फरकच करता येत नाही, २१ वर्षांच्या मुलाला आणि ६४ वर्षांच्या बाईला एकच दर. हप्त्यातले किमान ८० टक्के (मोठ्या कंपन्यांच्या गटाला ८५ टक्के) उपचारावर खर्च झालेच पाहिजेत, नाहीतर उरलेले ग्राहकाला परत. २०१२ मध्ये पहिल्यांदा असे १०० कोटी डॉलरच्या वर परत गेले.

रेवा, तुमच्या न्यू जर्सीची एक गोष्ट राहिली. आजाऱ्याला नाकारायचं नाही हा नियम तिथे १९९३ पासूनच आहे, ओबामाकेअरच्या कितीतरी आधीपासून. पण विमा घेण्याची सक्ती नव्हती. मग निरोगी माणूस म्हणायचा, आजारी पडलो की घेईन. उरले आजारी, हप्ते वाढले, आणखी निरोगी बाहेर पडले, हप्ते आणखी वाढले. ओबामाकेअरने ती सक्ती आणली. पुढे केंद्राने तिचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला, म्हणूनच त्याच वर्षापासून न्यू जर्सीने स्वतःची सक्ती लागू केली. ज्याचं पोळलं, त्याला समजलं.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. दर कमी करायला लावणारा आयुक्त म्हणजे चांगला आयुक्त, असं नाही. दर फार खाली ढकलले की कंपनी बुडते आणि सगळ्यात जास्त हाल पॉलिसीधारकाचे होतात. या कायद्याखाली २३ सहकारी विमा संस्था निघाल्या होत्या. त्यांतल्या १२ संस्था २०१५ संपेपर्यंत बंद पडल्या. न्यूयॉर्कमधल्या 'हेल्थ रिपब्लिक'चे जवळपास दोन लाख सभासद होते, ती नोव्हेंबर २०१५ अखेर नियामकांनी बंद केली. लोकांना वर्ष संपायला महिना असताना नवा प्लॅन शोधावा लागला, भरलेलं डिडक्टिबल (विमा लागू व्हायच्या आधी स्वतः भरायची रक्कम) पाण्यात. दोष एकट्या नियामकांचा नव्हता. केंद्राने तोटा भरून द्यायचं कबूल केलं होतं आणि दिले मागितल्याच्या फक्त १२.६ टक्के. (ते पैसे द्यायलाच हवेत असा निकाल सुप्रीम कोर्टाने दिला एप्रिल २०२० मध्ये. तोवर बहुतेक संस्था संपल्या होत्या.) पण स्वस्त दर मंजूर करताना ज्यांनी सह्या केल्या, त्यांनीही विचार करायला हवा होता.


रेवा (न्यू जर्सी)
७ जानेवारी, सकाळी ८:०५

त्रैराशिक, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. दर परवडणारा हवा आणि कंपनी टिकायलाही हवी, दोन्ही एकाच माणसाने बघायचं. १९९३ चं तर मला काहीच माहीत नव्हतं. मनापासून आभार.


देवदार (सिअ‍ॅटलजवळ)
७ जानेवारी, दुपारी १:३०

माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो.

माझा स्वतःचा छोटा व्यवसाय, नोकरीचा इन्शुरन्स कधीच नव्हता. २०१३ च्या शरदात पत्र आलं: तुमचा प्लॅन ३१ डिसेंबरला बंद. तसं पत्र देशभरात लाखो लोकांना गेलं. "तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो ठेवा" असं आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलेलं. मी तेव्हा ३८ वर्षांचा, बायको गरोदर नाही, कुणी आजारी नाही, स्वस्तातला प्लॅन होता, तो चालला होता.

१४ नोव्हेंबरला ओबामांनी जाहीर केलं, की जुने प्लॅन आणखी वर्षभर चालू ठेवता येतील, मात्र राज्याच्या आयुक्ताने परवानगी दिली तर. मी सुटकेचा श्वास टाकला. आणि काही तासांत आमच्या राज्याचे तेव्हाचे आयुक्त माइक क्रीडलर यांनी सांगितलं, वॉशिंग्टन राज्यात नाही. ते स्वतः डेमोक्रॅट, कायद्याचे कट्टर समर्थक, आणि त्यांनी स्वतःच्या राष्ट्राध्यक्षांना नाही म्हटलं. कॅलिफोर्नियाच्या मार्केटप्लेस मंडळानेही आठवड्याभरात नकार दिला, तिथले विमा आयुक्त डेव्ह जोन्स मुदतवाढ द्या म्हणत असताना. वॉशिंग्टन डी.सी.च्या विमा आयुक्तांनी या घोषणेवर जाहीर टीका केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पदावरून काढलं.

क्रीडलर यांचं कारण त्रैराशिक यांनी सांगितलं तेच: नव्या बाजाराचे दर सगळे आत येणार असं धरून ठरवले होते. माझ्यासारखे धडधाकट लोक जुन्या प्लॅनमध्ये बसून राहिले असते तर नव्यात फक्त आजारी उरले असते. आज हे मला पटतं. पुढे धाकट्याला जन्मतः हृदयाचा त्रास निघाला तेव्हा त्याच नव्या प्लॅनने हात दिला, जुन्यात बाळंतपणाचा खर्चसुद्धा नव्हता. तरीही, त्या डिसेंबरात हप्ता जवळजवळ दीडपट झाला आणि मला कुणी विचारलं नाही, ही बोच गेलेली नाही. ती जावी असंही मला वाटत नाही. नियम बरोबर असला तरी ज्याच्या खिशातून गेले त्याला आधी सांगायला हवं होतं.


रानपाखरू (प्लेनो, टेक्सास)
८ जानेवारी, रात्री १०:२०

देवदार, धाकटा आता बरा आहे ना? आधी ते सांगा.

टेक्सासचं लिहिते. मी इथल्या देवळात आणि ग्रंथालयात दर वर्षी लोकांना फॉर्म भरायला मदत करते, २०१४ पासून. आमच्या राज्याने सुरुवातीलाच सांगितलं, हा कायदा आम्ही राबवणार नाही. टेक्सास, ओक्लाहोमा, मिझुरी, वायोमिंग, अलाबामा या राज्यांत केंद्राला स्वतः उतरून कंपन्यांच्या पॉलिसी तपासाव्या लागल्या. जॉर्जियाच्या तेव्हाच्या आयुक्तांनी तर एका सभेत उघड सांगितलं होतं, की आम्ही जमेल तितका अडथळा आणतोय.

अडथळा म्हणजे काय, ते खालच्या पातळीवर बघावं. लोकांना नाव नोंदवायला मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांना इथे नॅव्हिगेटर म्हणतात. केंद्राचं प्रशिक्षण झाल्यावर टेक्सासने जानेवारी २०१४ मध्ये त्यांच्यावर आणखी २० तासांचं प्रशिक्षण आणि कागदपत्रं लादली. नोंदणीची मुदत ३१ मार्चला संपत होती! फ्लोरिडात त्यांना जिल्हा आरोग्य केंद्रांच्या आवारात यायला मनाई केली. मिझुरीचा असाच कायदा फेडरल न्यायाधीशांनी थांबवला. आमच्या टेबलाशी यायची ती माणसं कोण होती? पेट्रोल पंपावर काम करणारे काका, घरी डबे करून देणाऱ्या ताई, भाचीच्या लग्नासाठी आलेले नव्हेत तर कायमचे आलेले आजी-आजोबा. त्यांना राजकारण नको होतं. "मुली, यात डोळ्याचं ऑपरेशन बसतं का?" एवढंच विचारायचे.

पण मी फक्त तक्रार करणार नाही, कारण पुढे जे झालं तेही सांगायला हवं. २०२१ मध्ये टेक्सासच्याच विधिमंडळाने एक कायदा केला आणि दर तपासायचं काम राज्याच्या विमा खात्याकडे घेतलं. इथे प्लॅन ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांचे असतात; पायरी वरची तसा एरवी हप्ता जास्त आणि उपचाराच्या वेळी स्वतः भरायचा खर्च कमी. त्यातल्या सिल्व्हर प्लॅनचा दर त्याच्या खऱ्या खर्चाप्रमाणे लावायला सांगितलं. परिणाम असा की २०२३ पासून इथे बऱ्याच ठिकाणी गोल्ड प्लॅन सिल्व्हरपेक्षा स्वस्त मिळायला लागला, डिडक्टिबल एकदम खाली. २०२५ साली टेक्सासमध्ये जवळपास ४० लाख लोकांनी मार्केटप्लेसवरून विमा घेतला. मेडिकेड मात्र अजून वाढवलेलं नाही, आणि ज्यांची कमाई फार तुटपुंजी आहे त्यांना मी आजही टेबलावरून रिकाम्या हाताने परत पाठवते. ते चेहरे विसरता येत नाहीत.


सोनचाफा (पुणे)
९ जानेवारी, सकाळी ११:००

गोल्ड प्लॅन सिल्व्हरपेक्षा स्वस्त? हे कसं? लेकीला विचारलं तर म्हणाली, मी तर न बघताच सिल्व्हर घेतला.


त्रैराशिक (कनेक्टिकट)
९ जानेवारी, सकाळी ७:१०

लेकीला आजच परत बघायला सांगा, मुदत संपायच्या आत. कसं ते सांगतो. राज्य नियामकांनी गेल्या १५ वर्षांत केलेल्या कामांतलं हे मला सगळ्यात हुशारीचं वाटतं.

कमी उत्पन्नाच्या लोकांना सिल्व्हर प्लॅनमध्ये डिडक्टिबल आणि कोपे (दर भेटीला स्वतः द्यायचे पैसे) कमी करून द्यायला कंपन्या कायद्याने बांधील आहेत. तो फरक केंद्र कंपन्यांना भरून द्यायचं. १२ ऑक्टोबर २०१७ ला ट्रम्प सरकारने ते पैसे बंद केले. नोंदणी सुरू होणार होती १ नोव्हेंबरला. कंपन्यांचं बंधन तसंच, पैसे मात्र नाहीत. म्हणजे हप्ता वाढवणं आलंच.

ही शक्यता उन्हाळ्यापासून दिसत होती, म्हणून अनेक राज्यांच्या आयुक्तांनी कंपन्यांकडून आधीच दोन-दोन दरपत्रकं घेऊन ठेवली होती, पैसे आले तर एक, न आले तर दुसरं. आणि दुसऱ्या दरपत्रकात बऱ्याच राज्यांनी तो सगळा बोजा फक्त सिल्व्हर प्लॅनवर टाकायला सांगितलं. आता खुबी बघा. प्रत्येकाला हप्त्यासाठी केंद्राकडून मिळणारी सबसिडी ठरते त्या भागातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर प्लॅनवरून. सिल्व्हर महागलं की सबसिडी वाढते. ती वाढलेली सबसिडी ब्रॉन्झला किंवा गोल्डला वापरली तर ते प्लॅन आधीपेक्षा स्वस्त पडतात. काही ठिकाणी ब्रॉन्झ शून्य डॉलरला मिळायला लागला. पैसे तोडून बाजार मोडेल असं वाटत होतं, आणि सबसिडी घेणाऱ्यांना उलट फायदा झाला. काही राज्यांनी मात्र बोजा सगळ्या प्लॅनवर सारखा वाटला, तिथल्या लोकांना हा लाभ उशिरा मिळाला.

मार कुणाला बसला? सबसिडी न मिळणाऱ्या, जरा बऱ्या कमाईच्या लोकांना. देवदारांसारख्या.


पायवाट (बाल्टिमोर)
९ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

त्या बऱ्या कमाईच्या लोकांसाठी मेरीलँडने काय केलं ते लिहायलाच हवं.

२०१८ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे वैयक्तिक बाजारात, म्हणजे स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्यांसाठी, दोनच कंपन्या उरल्या होत्या. पुढच्या वर्षासाठी सरासरी ३० टक्के वाढ मागितलेली, एका पीपीओ प्लॅनला (डॉक्टर निवडायची जास्त मोकळीक देणारा) तर ९१ टक्के. मी त्या वेळी नोकरी सोडून पाळणाघर सुरू केलं होतं आणि रात्री झोप लागत नसे. गव्हर्नर रिपब्लिकन, विधिमंडळ डेमोक्रॅट. दोघांनी मिळून पुनर्विम्याची योजना आणली: अतिशय महागड्या रुग्णांच्या खर्चातला मोठा वाटा राज्याचा निधी उचलेल, म्हणजे बाकीच्यांचे हप्ते खाली येतील. निधीसाठी पैसा कुठून? केंद्राचा विमा कंपन्यांवरचा एक कर २०१९ पुरता स्थगित होता. राज्याने तेवढ्या वर्षासाठी स्वतःचा २.७५ टक्के आकार लावून तो पैसा इकडे वळवला. केंद्राने मंजुरी दिली, आणि आयुक्तांनी शेवटी जे दर जाहीर केले ते सरासरी १३ टक्क्यांनी कमी होते. वाढ नव्हे, घट! पहिली अशी योजना अलास्काची, २०१७ ची. नंतर पुष्कळ राज्यांनी केली.

त्याच काळात कित्येक काउंटींमध्ये एकही कंपनी उरेना अशी पाळी आली होती. २०१८ साठी ओहायोची पॉल्डिंग काउंटी शेवटची रिकामी राहिली. तिथल्या विमा विभागाने कंपन्यांशी बोलणी करून ऑगस्ट २०१७ मध्ये एक कंपनी आणली.


मध्यरात्र (सॅन होजे)
१० जानेवारी, रात्री १२:१०

वाचते आहे. माझा क्लेम नवऱ्याच्या ऑफिसच्या इन्शुरन्सने नाकारलाय (फिजिओथेरपी). मीही राज्याकडे तक्रार करू का?


त्रैराशिक (कनेक्टिकट)
१० जानेवारी, सकाळी ६:००

आधी एचआरला एक प्रश्न विचारा: प्लॅन 'सेल्फ-फंडेड' आहे का? मोठ्या कंपन्यांचे बहुतेक प्लॅन तसे असतात. कार्डावर विमा कंपनीचं नाव असतं, पण उपचाराचे पैसे मालक स्वतः देतो, विमा कंपनी फक्त कागद सांभाळते. असे प्लॅन १९७४ च्या एरिसा कायद्याखाली केंद्राच्या कामगार खात्याच्या कक्षेत येतात, राज्याचा आयुक्त तिथे हात घालू शकत नाही. नोकरीचा विमा असलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक अशा प्लॅनमध्ये आहेत. आपल्या आयटीतल्या मंडळींना विमा आयुक्त माहीत नसतो त्याचं हे मुख्य कारण.

तरी दोन हक्क तुम्हालाही आहेत. आधी कंपनीकडे अंतर्गत अपील आणि ते फेटाळलं तर, नकार वैद्यकीय कारणाने असेल तेव्हा, बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून फेरतपासणी. नकाराच्या पत्रात मुदत लिहिलेली असते, ती चुकवू नका.


सोनचाफा (पुणे)
१० जानेवारी, संध्याकाळी ५:३०

रेवाताई, सासू-सासऱ्यांच्या बाबतीत एक विचारते. आम्ही दोघंही पुढच्या वर्षी ग्रीन कार्डावर जायच्या विचारात आहोत. सबसिडी मिळेल का? इथे आता बरंच सुधारलंय. २०२४ मध्ये इर्डाने ६५ नंतर नवी पॉलिसी न देण्याची अट काढली, जुन्या आजारांची वाट पाहण्याची मुदत ४ वरून ३ वर्षांवर आणली. तक्रारीसाठी पुण्यातच विमा लोकपालांचं ऑफिस आहे. मग सोडून यावं का, असा प्रश्न पडतो.


रेवा (न्यू जर्सी)
११ जानेवारी, सकाळी ९:२५

सोनचाफा, घाईने निर्णय घेऊ नका. तीन गोष्टी सांगते, याच आम्हाला आधी कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिकडची पॉलिसी लगेच बंद करू नका. एकदा सोडली की सगळ्या मुदती पुन्हा पहिल्यापासून.

इथे आल्यावर मार्केटप्लेसवर वयामुळे किंवा मधुमेहामुळे कुणी नाकारू शकत नाही. टुरिस्ट म्हणून येताना घेतो तो व्हिजिटर इन्शुरन्स वेगळा, त्यात जुने आजार बहुधा धरत नाहीत. पण ग्रीन कार्डावर उतरल्यापासून नोंदणीला ठरावीक दिवसच मिळतात, ६०. ते चुकले की पुढच्या नोंदणीपर्यंत थांबायचं.

आणि सबसिडी. २०२१ पासून चालू असलेली वाढीव सबसिडी २०२५ अखेर संपली. शिवाय जुलै २०२५ च्या कायद्याने एक मोठा बदल झाला. ज्यांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्याही खाली आहे, पण ग्रीन कार्डाला ५ वर्षं न झाल्यामुळे मेडिकेड मिळत नाही, त्यांना आजवर सबसिडी मिळायची. १ जानेवारी २०२६ पासून ती बंद झाली. स्वतःचं वेगळं रिटर्न भरणाऱ्या, फक्त पेन्शनवर असलेल्या आई-वडिलांना याचा थेट फटका बसतो. आमच्या घरी तसंच झालं. दोघांचा मिळून हप्ता आता घराच्या हप्त्याच्या जवळ गेलाय. एच-वन व्हिसावर नोकरी करणाऱ्यांची सबसिडी २०२७ पासून जाणार आहे, तेही लक्षात ठेवा.

राज्याचा आयुक्त यात सगळं भरून काढू शकत नाही. काही राज्यं, आमचं न्यू जर्सी त्यांतलं, वरून आपली थोडी सबसिडी देतात. तुमच्या लेकीच्या राज्यात काय आहे ते तिला तिथल्या मार्केटप्लेसला फोन करून विचारू दे. फोनवर दुभाषा मागता येतो, फुकट असतो.


देवदार (सिअ‍ॅटलजवळ)
११ जानेवारी, सकाळी १०:५०

रानपाखरू, तुम्ही विचारलंत, राहून गेलं होतं. धाकटा १० वर्षांचा आहे. दोन शस्त्रक्रिया झाल्या. परवापासून पोहायला जातोय.


रेवा (न्यू जर्सी)
१९ फेब्रुवारी, रात्री ८:३०

धागा वर काढते आहे. खात्याचं उत्तर आलं.

तक्रारीबरोबर मी डिरेक्टरीच्या पानाचा फोटो जोडला होता, तारखेसह. अपॉइंटमेंट घेताना मोबाइलवर काढलेला. खात्यातल्या बाईंनी तो कंपनीकडे पाठवला आणि ठरावीक दिवसांत लेखी उत्तर द्यायला सांगितलं. कंपनीने मान्य केलं, की डॉक्टरांचं नाव महिनोन्महिने चुकून यादीत राहिलं होतं. २०२२ पासून लागू असलेल्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे यादीवर विसंबून गेलेल्या रुग्णाकडून नेटवर्कातल्या डॉक्टरइतकेच पैसे घेता येतात. तपासणीचं बिल त्याप्रमाणे नव्याने लागलं. इकोचं बिल दुसऱ्या केंद्राच्या नावाने होतं, ते यादीत कधीच नव्हतं, त्यामुळे ते आम्हालाच भरावं लागणार.

त्या बाईंनी स्वतः फोन केला होता. आडनाव परदेशी वाटलं म्हणून असेल, हळूहळू बोलल्या, आणि शेवटी विचारलं, "तुमचे सासरे आता कसे आहेत?" चार महिन्यांत हे विचारणारी ती पहिली व्यक्ती. सासरे शेजारीच बसले होते. त्यांनी फोन मागून घेतला आणि त्यांच्या इंग्रजीत तिला सांगितलं, की औषध लागू पडलंय, रोज दोन फेऱ्या मारतो.

मोबाइलमध्ये डिरेक्टरीच्या पानाचा फोटो काढून ठेवा. दर वेळी.